थेरपिस्टने देवाविषयी विचारावे का?

अल्बर्ट एलिस हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीतून त्यांची ओळख अनेकांना झाली आहे. या एलिस यांची १९८० साली अमेरिकेत एक गाजलेली वैचारिक चकमक झाली. युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बर्गिन यांनी ‘जर्नल ऑफ कन्सल्टिंग अँड क्लिनिकल सायकॉलॉजी’मध्ये लिहिले, की मूल्यनिरपेक्ष मानसोपचार अशी काही चीज नसते. थेरपिस्टची मूल्ये उपचारात उतरतातच, मग रुग्णाची धर्मश्रद्धा तेवढी दाराबाहेर का ठेवायची? एलिस यांनी त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात सडेतोड उत्तर दिले. कर्मठ धार्मिकता आणि भावनिक अस्वास्थ्य यांत त्यांना फारसा फरक दिसत नव्हता. पण पुढे २००१ मध्ये याच एलिस यांनी दोन मानसशास्त्रज्ञांबरोबर धार्मिक रुग्णांच्या समुपदेशनावर एक पुस्तक लिहिले. ते स्वतः अखेरपर्यंत निरीश्वरवादीच राहिले, बदलले ते निदान. माणसाला आजारी पाडते ती श्रद्धा नव्हे, तर ती बाळगण्याची हटवादी रीत, असे ते म्हणू लागले. प्रेमळ देवावर विश्वास असलेला माणूस मनाने निरोगी असू शकतो, हे त्यांनी मान्य केले.

हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यात आहे. श्रद्धा तारते तशी मारतेही, आणि समोरच्या रुग्णाच्या बाबतीत ती यांपैकी काय करते आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. झोप, भूक, घराण्यातला आजार, दारू यांची चौकशी थेरपिस्ट पहिल्याच भेटीत करतो. तिच्यातच श्रद्धेचीही चौकशी झाली पाहिजे. ती श्रद्धा रुजवण्यासाठी नको आणि उपटून टाकण्यासाठीही नको, नीट उपचार करता यावेत म्हणून हवी.

याला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो ओहायोतल्या बोलिंग ग्रीन स्टेट विद्यापीठाचे केनेथ पार्गमेंट यांच्या कामाचा. संकटात माणसे धर्माकडे वळतात तेव्हा सगळी एकाच तऱ्हेने वळत नाहीत, हे त्यांनी दाखवले. कुणाला देव पाठीशी उभा वाटतो, तर कुणाला वाटते की देवाने आपल्याला टाकले, आपल्याला शिक्षा दिली. पार्गमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात आणि डरॅमच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्न वर्षांवरील ५९६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. देवाशी असा झगडा असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. शरीराची आणि मनाची अवस्था हिशेबात धरूनही तो जास्तच राहिला. देवाने आपल्याला सोडले, त्याचे आपल्यावर प्रेम नाही, हे सैतानाचे काम आहे अशा विचारांमागे हा धोका १९ ते २८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. पण रक्तदाबाच्या बाबतीत एवढा संबंध दिसला असता तर कोणत्याही डॉक्टरने त्याची नोंद घेतली असती. इथे मात्र विषय निघत नाही, कारण तो काढणे अशिष्ट वाटते.

या संशोधकांमध्ये नलिनी तारकेश्वर हे एक नाव होते. त्यांनी २००३ मध्ये पार्गमेंट आणि अ‍ॅनेट महोनी यांच्यासह अमेरिकेतल्या हिंदूंसाठी एक वेगळी मोजपट्टी तयार केली. ख्रिस्ती माणसासाठी आखलेले प्रश्न हिंदू माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे तिच्यामागचे साधे कारण. तिच्यात देवाकडे वळण्याचा आणि साधनेकडे वळण्याचा असे दोन आधार देणारे घटक निघाले, आणि तिसरा निघाला धार्मिक अपराधभाव, राग आणि निष्क्रियता यांचा. न्यू जर्सीतल्या किंवा शिकागोच्या उपनगरातल्या मराठी घराला हा तिसरा घटक समजावून सांगावा लागणार नाही. मुलाला नैराश्य आले की फोनवर कुणीतरी साडेसाती काढते, कुणी राहून गेलेल्या कुळाचाराची आठवण करून देते, कुणी त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करून घ्या म्हणते. त्या आईच्या मनात आजाराच्या दुःखावर अपराधाचे आणखी एक ओझे चढते. थेरपिस्टसमोर ती यातले अक्षर काढत नाही, कारण समोरच्या अमेरिकन बाईला हे खुळचट वाटेल याची तिला धास्ती असते. मग उपचार चालतात वरवरच्या गोष्टींवर आणि खरी गाठ तशीच राहते.

विचारले तर काय करता येते, हेही पाहिले पाहिजे. ‘माझे भोग आहेत’ असे म्हणणाऱ्या रुग्णाला कर्मसिद्धान्त खोटा आहे असे पटवत बसण्यात वेळ जाईल आणि विश्वासही. पण त्याच परंपरेत संचित आणि प्रारब्धाबरोबर क्रियमाण कर्मही आहे, म्हणजे आज आपण जे करतो ते. नैराश्यात रुग्णाला रोज एखादी छोटी कृती करायला लावणे हा वर्तनोपचाराचा कणा आहे, आणि त्याला त्या रुग्णाच्याच विचारात जागा सापडते. देवावर रागावणे हे पाप आहे असे वाटून आतल्या आत कुढणाऱ्यासाठीही मराठी परंपरेत मोठी सोय आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलाशी भांडले, त्याला बोल लावले, आणि म्हणून त्यांची भक्ती कमी ठरली नाही. एवढी आठवण करून दिली तरी त्या माणसाचा राग बाहेर यायला वाट मिळते. यासाठी थेरपिस्ट वारकरी असण्याची गरज नाही. रुग्णाला त्याच्या परंपरेविषयी बोलते करता आले की पुरे.

हे केवळ माझे तर्कट नाही. रिबेका प्रॉप्स्ट यांनी १९९२ मध्ये नैराश्य असलेल्या श्रद्धाळू ख्रिस्ती रुग्णांवर धार्मिक आशयाची आणि नेहमीची अशा दोन्ही तऱ्हांची बोधात्मक वर्तन थेरपी वापरून पाहिली. धार्मिक आशयाची पद्धत स्वतः धार्मिक नसलेल्या थेरपिस्टच्या हातूनही उत्तम चालली. ‘आम्ही नास्तिक, आम्हाला हे कसे जमणार?’ या शंकेचे उत्तर त्यातच आले. ड्यूकचे हॅरॉल्ड कोनिग यांच्या गटाने तर ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, बौद्ध आणि हिंदू अशा पाच परंपरांसाठी या थेरपीच्या स्वतंत्र पुस्तिका तयार केल्या आणि दीर्घ आजारासोबत नैराश्य असलेल्या १३२ रुग्णांवर चाचणी घेतली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. एकूणात दोन्ही पद्धती सारख्याच उपयोगी ठरल्या, फार श्रद्धाळू रुग्णांमध्ये धार्मिक पद्धतीकडे थोडे झुकते माप पडले. पुढे २०१८ मध्ये ९७ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात सात हजारांवर रुग्ण होते. त्यातल्या काटेकोर तुलनांमध्ये मानसिक त्रास कमी करण्यात धार्मिक जोड असलेली थेरपी नेहमीच्या थेरपीइतकीच ठरली, आध्यात्मिक स्वास्थ्यात मात्र सरस.

इथे आक्षेप येतो, की परिणाम सारखाच असेल तर हा खटाटोप कशाला? माझे उत्तर असे, की उपचार रुग्णासाठी असतो. काही न गमावता त्याला जे मोलाचे वाटते तेही सांभाळले जात असेल, तर ते नाकारण्याला काय कारण उरते? मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन या मनोरुग्णालयात डेव्हिड रॉस्मरिन यांनी २५३ रुग्णांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना उपचारात अध्यात्माची चर्चा हवी होती. उलट बाजूला, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सर्वसाधारण जनतेपेक्षा बरेच कमी धार्मिक आहेत. तरीही २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्यापैकी ८२ टक्क्यांनी धर्म मनाच्या आरोग्याला पोषक असतो असेच म्हटले. म्हणजे विरोध नाही, विचारायची सवय नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि महाराष्ट्रात तो कुणीही घेईल. ज्या मातीत अंधश्रद्धेशी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना जीव गमवावा लागला, त्या मातीतल्या माणसाने दवाखान्यात देव आणायचा म्हटले की बुवाबाजीची भीती वाटणारच. ती रास्त आहे. म्हणूनच प्रार्थनेने शरीराचा रोग हटतो असले दावे पुराव्याच्या कसोटीला लावले पाहिजेत, आणि ते लावलेही गेले आहेत. हर्बर्ट बेन्सन यांच्या २००६ च्या अभ्यासात सहा रुग्णालयांतले बायपासचे १,८०२ रुग्ण होते. ज्यांच्यासाठी परक्यांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यातल्या गुंतागुंतीत काडीचा फरक पडला नाही, ५२ आणि ५१ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना होणार हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ते प्रमाण ५९ टक्के निघाले. श्रद्धेच्या नावाखाली इजा होते याचेही दाखले अमेरिकेत आहेत. समलिंगी व्यक्तीला ‘बदलण्या’च्या उपचारांमागे बहुधा धर्माचीच प्रेरणा असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००९ मध्ये पुराव्यांचा आढावा घेऊन असे उपचार नाकारले. सीमा इथेच आखावी लागते. रुग्णाच्या श्रद्धेची चौकशी थेरपिस्टने जरूर करावी, त्या श्रद्धेचा पुरोहित होऊ नये. आणि बुवाबाजीची भीती खरी असेल तर विचारणे अधिकच गरजेचे ठरते. कुणी मांत्रिकाच्या सांगण्यावरून गोळ्या बंद केल्या असतील, तर ते न विचारता कळणार कसे?

विचारायचे कसे, यावरही काम झाले आहे. १९९४ च्या डीएसएम-४ या निदानग्रंथात ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी नोंद आली. मानसिक विकार म्हणून नव्हे, तर लक्ष देण्याजोगी बाब म्हणून. श्रद्धा डळमळणे किंवा धर्मांतरानंतरची घालमेल आजारात जमा होऊ नये, हा तिचा उपयोग. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ च्या सुमारास डॉक्टरांसाठी चार प्रश्नांची मांडणी केली. तुमची श्रद्धा कशावर आहे, तिला तुमच्या जगण्यात किती महत्त्व आहे, तुमचा असा काही समाज किंवा मंडळ आहे का, आणि उपचारात आम्ही याची दखल कशी घ्यावी? श्रद्धा नसलेल्या रुग्णालाही हे विचारता येतात, कारण जगण्याला बळ कशातून मिळते हे त्यालाही सांगता येतेच. २०१३ मध्ये कॅसँड्रा व्हिएटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञाच्या अंगी असाव्यात अशा सोळा क्षमता मांडल्या, त्यांत आपले पूर्वग्रह ओळखणे हीही आहे. ही पूर्वग्रहाची गोष्ट श्रद्धाळू थेरपिस्टलाही तितकीच लागू आहे.

तेव्हा अमेरिकेतल्या मराठी वाचकांना एक विनंती. थेरपिस्टने आपणहून विचारले नाही, तर पहिल्याच भेटीत तुम्ही सांगा. घरातला देव्हारा, बंद पडलेली पूजा, मनातला कोप किंवा नुसताच अविश्वास, जे असेल ते सांगा. ऐकून घेऊन त्यावर पुढचा प्रश्न विचारणारा थेरपिस्ट भेटला तर त्याच्याकडे टिकून राहा. अमुक जप करा म्हणणारा, किंवा हे सगळे सोडून द्या म्हणणारा भेटला, तर खुशाल दुसरा शोधा.