पृथ्वी फिरते, पण विमानाखालून सरकत नाही

गोव्यातल्या मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली आणि त्याच वर्षी जुलैत एअर इंडियाने तिथून लंडनच्या गॅटविकला थेट सेवा सुरू केली. पेडणे-डिचोलीतल्या ज्या घरांतली मुले विलायतेत आहेत, तिथे तेव्हापासून एक प्रश्न निघतो: जायला साधारण दहा तास लागतात, मग यायला तासभर कमी कसा? उत्तरही ठरलेले असते. "पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, म्हणून!"

हे उत्तर चूक आहे, आणि शिकलेली माणसेही ते बिनदिक्कत देतात. जमीन खरोखरच विमानाखालून पूर्वेकडे सरकत असती, तर पश्चिमेचे लंडन आपणहून विमानाकडे आले असते. म्हणजे जातानाच वेळ कमी लागायला हवा होता. घडते नेमके उलट.

मोपाच्या धावपट्टीवर उभे असलेले विमानसुद्धा पृथ्वीबरोबर ताशी सुमारे 1,600 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेले असते. भोवतालची हवाही तशीच. धावत्या कदंब बसमध्ये वर उडवलेले नाणे पुन्हा हातातच पडते, त्यातलाच हा प्रकार.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. 9 फेब्रुवारी 2020 रोजी सियारा वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचले. एरवी तिथे सहा तासांहून अधिक लागतात. त्या दिवशी पृथ्वी जास्त जोरात फिरली नव्हती. या वाऱ्यांना वळण देण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, पण विमानाला ढकलतो तो वारा.

तरीही शंका उरली, तर पावसाळ्यातले आकाश पाहावे. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर खूप उंचावर वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी 1958 मध्ये या पूर्वेकडच्या जेट प्रवाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. ऋतू बदलला की वाऱ्याची दिशा बदलते; पृथ्वीची बदलत नाही.

आता इतर गैरसमज.

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ: नाही. दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. जानेवारीत मोपाहून दुपारी 1 वाजता सुटलेले विमान तिथल्या साडेपाचला उतरले, तर प्रवास दहा तासांचा झाला.

नकाशावरची सरळ रेषा म्हणजे जवळचा मार्ग: पट्टी ठेवली तर ती सीरियावरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो बलुचिस्तान, इराण आणि काळ्या समुद्रावरून जातो. अंतर सुमारे 7,550 किलोमीटर भरते, आणि एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की वाढते.

मोपा सुरू झाल्यावर गोव्याचा जुना दाबोळी विमानतळ बंद झाला: नाही. दाबोळीचे संकेताक्षर जीओआय, मोपाचे जीओएक्स. तिकीट काढताना ते तपासून घ्यावे.