अहवाल निर्दोष, तरी ओटीपोटात कळ

वऱ्हाडात ऊन तापू लागले की लघवीची जळजळ, म्हणजेच ‘उन्हाळी लागणे’, ही घरोघरची तक्रार होते आणि धने-जिऱ्याच्या पाण्याने, सब्जाने ती बहुधा दोन-चार दिवसांत निवते. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, भातकुली या खारपाणपट्ट्यातील तालुक्यांत भूजल खारे असल्याने मूतखड्याची शंकाही लगेच घेतली जाते. परंतु लघवीत जंतू सापडत नाहीत, सोनोग्राफीत खडा दिसत नाही आणि तरीही ओटीपोटातील दुखणे सहा आठवड्यांहून अधिक काळ हटत नाही, तेव्हा मूत्राशयाच्या दीर्घकालीन वेदनेच्या स्वतंत्र व्याधीचा विचार करावा लागतो.

मूत्राशय भरत जाईल तशी कळ वाढणे आणि लघवी झाल्यावर ती काही काळ ओसरणे, ही या व्याधीची मुख्य खूण होय. निरोगी मूत्राशय साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी साठवतो. येथे मात्र थोडी साठताच वेदना सुरू होते, त्यामुळे रात्रीची झोपही वारंवार मोडते. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. अमेरिकी शल्यविशारद गाय हनर यांनी १९१५ मध्ये अशा रुग्णांच्या मूत्राशयातील व्रणांचे वर्णन केले, पण बहुसंख्य रुग्णांत असे व्रण नसतात. मूत्राशयाच्या अस्तरावरील संरक्षक थर विरळ होऊन लघवीतील क्षार चेतातंतूंना डिवचतात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. निश्चित कारण मात्र अद्याप हाती आलेले नाही.

निंदण किंवा कापूस वेचणी करणाऱ्या ज्या स्त्रीला शेतात आडोसा मिळत नाही, तिला हा आजार असेल तर लघवी रोखून धरण्याचा प्रत्येक तास यातनेचा ठरतो, आणि पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट होऊन जळजळ आणखी वाढते.

निदान करणारी एकच चाचणी नसल्याने जंतुसंसर्ग, खडा, मूत्राशयाचा क्षयरोग आणि कर्करोग आधी वगळावे लागतात. जंतूच नसताना प्रतिजैविकांचे कोर्स पुन्हापुन्हा घेण्यात अर्थ नाही. चहा, तिखट, आंबट यांपैकी कशाने त्रास वाढतो याची नोंद ठेवणे, लघवीच्या वेळांतील अंतर हळूहळू वाढवणे आणि ओटीपोटातील ताठरलेले स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी यांनी बराच फरक पडतो. स्नायू आवळण्याचे व्यायाम मात्र टाळावेत, कारण त्यांनी दुखणे वाढू शकते. गरजेनुसार गोळ्या किंवा मूत्राशयात थेट सोडायची औषधे दिली जातात.

अहवाल निर्दोष आला म्हणून घरच्यांनी हे दुखणे ‘मनाचे’ ठरवू नये. रुग्णाला मूत्ररोगतज्ज्ञाकडे न्यावे, आणि लघवीतून रक्त गेल्यास एक दिवसही थांबू नये.