तेरा आठवड्यांची नोकरी

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ म्हणजे एजन्सीमार्फत ठरावीक मुदतीसाठी, बहुधा 13 आठवड्यांसाठी, परगावच्या रुग्णालयात काम करणारी परिचारिका. तिच्या फायद्यांत चर्चा होते ती पैशाची. मूळ गावी खरोखर घर चालवत असल्यास राहण्या-जेवण्याच्या भत्त्यावर कर लागत नाही, हे खरेच. पण कोविडमध्ये चढलेले दर पुढे उतरले; म्हणून मोठा लाभ मला निवडीच्या मोकळिकीत दिसतो. हिवाळ्यात थंडीला कंटाळलेले वृद्ध फ्लोरिडात उतरतात, तिथे मागणी वाढते. मुदत संपली की उन्हाळा घरी काढता येतो. वॉर्ड त्रासाचा निघाला, तर पुढचा करार दुसरीकडे. नर्स लायसेन्शर कॉम्पॅक्ट या आंतरराज्य करारामुळे एकाच परवान्यावर सुमारे 40 राज्ये खुली होतात. गंमत म्हणजे, अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे दोनपेक्षा अधिक रुग्ण देऊ नयेत असे बंधन घालणारे कॅलिफोर्निया मात्र त्यात नाही.

नवखी परिचारिका रुग्णाला धोक्याची, हा आक्षेप हलका नाही. औषधे कुठे, संगणकप्रणाली कोणती, हे समजून घ्यायला तिला फार थोडा वेळ मिळतो. तरी पेनसिल्वेनिया विद्यापीठातील लिंडा एकन यांच्या संशोधनात, रुग्णालयातील कामाची परिस्थिती हिशेबात धरल्यावर, एजन्सीमार्फत आलेल्या परिचारिकांचा वाढीव मृत्यूंशी संबंध उरला नाही. म्हणजे दुखणे मुळात कमी मनुष्यबळाचे. करार मध्येच रद्द होणे, दोन करारांमधला बिनपगारी काळ, हे तोटे मात्र खरे आहेत. गाठीशी बचत नसलेल्या परिचारिकेला ही मोकळीक परवडत नाही.