बोर्डिंगमधल्या कुत्र्याचा दिवस

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर 68 किलोमीटर. नोकरीसाठी रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्याचे घर अकरा-बारा तास सहज बंद राहते, आणि एवढा वेळ कुत्र्याने एकट्याने काढणे कठीण. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात डे-केअरची गरज निर्माण होते ती या वेळापत्रकामुळे. मे महिन्याची सुट्टी, कोकणातले गणपती आणि दिवाळी आली की त्यात मुक्कामी बोर्डिंगची भर पडते. उल्हासनगरच्या ‘कॅम्प’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या दाटीवाटीच्या, त्यामुळे तिथे फ्लॅटमध्ये मोजकी कुत्री सांभाळण्याची घरगुती सोयच जमते. बदलापूरच्या कडेला मात्र कुंपण घातलेले अंगण अजून मिळू शकते.

चांगल्या ठिकाणी दिवस दारातल्या तपासणीने सुरू होतो. रेबीज, डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टो यांच्या लसींच्या तारखा कार्डावर पाहिल्या जातात. मग गोचीड. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली आणि पट्ट्याच्या खाली बोट फिरवून ती शोधावी लागते. रक्त पिऊन टम्म फुगलेली एक मादी अंगावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथे काही हजार अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्ले पुढे दुसऱ्या कुत्र्यांच्या अंगावर चढतात आणि गोचीड-ताप पसरू शकतो. दारात गेलेली पाच मिनिटे पुढचे कित्येक आठवडे वाचवतात. माजावर आलेली कुत्री अशा वेळी घेत नाहीत किंवा पूर्ण वेगळी ठेवतात.

सकाळी आधी शी-शूसाठी फेरी, मग खाणे. खाणे घरचेच असलेले बरे. रोज दही-भात किंवा चिकन-भात खाणाऱ्याला एकदम कोरडे दाणे दिले तर जुलाब होऊ शकतात. भांडी वेगळी, जागाही वेगळी. एरवी गरीब असलेला कुत्राही ताटलीवरून गुरगुरतो. मोठ्या जातींना पोट भरल्यावर लगेच पळवत नाहीत, कारण पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. नवा पाहुणा पहिला एक-दोन दिवस नीट खात नाही. घरून आलेली न धुतलेली चादर त्याच्याजवळ ठेवली, तर ओळखीच्या वासाने तो लवकर स्थिरावतो.

खेळाचा वेळ मालकांना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओही त्याचेच येतात. खरे कौशल्य मात्र खेळ वेळेत थांबवण्यात आहे. पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर ठेवून झुकलेला कुत्रा खेळायला बोलावत असतो. अंग ताठ, तोंड मिटलेले, नजर रोखलेली आणि शेपूट वर असेल, तर दोघांच्या मध्ये माणूस उभा राहायला हवा. गट आकार आणि स्वभाव पाहून करतात. पग आणि लॅब्राडोर यांचे पटले तरी दोघांचा दम सारखा नसतो.

दुपार झोपेची. मोठा कुत्रा दिवसाचे साधारण बारा तास झोपतो. दिवसभर मोकळे सोडून दमवलेली कुत्री संध्याकाळी चिडचिडी होतात. बदलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. आखूड नाकाच्या पगला तेही धड जमत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये फेऱ्या सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच.

पावसाळ्यात पंजे कोरडे करणे हे मोठे काम होऊन बसते. उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात, ते वेगळेच. शिवाय 2005 आणि 2019 च्या जुलैमध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापूरच्या सखल भागात शिरले होते. नदीकाठच्या बोर्डिंगला वरचा मजला आहे का, हे मालकाने बुकिंगआधी विचारलेच पाहिजे.

संध्याकाळच्या जेवणानंतर शेवटची फेरी, मग दिवे मंद. रात्री तिथे माणूस झोपतो की नुसता कॅमेरा चालू असतो, हा फरक फार मोठा आहे. दिवाळीत तर माणूस हवाच. फटाक्यांना घाबरलेला कुत्रा जाळी चावून दात मोडून घेतो, कुंपणही ओलांडतो.

घरी परतलेला कुत्रा भरपूर पाणी पितो आणि दिवसभर झोपतो, त्यात काळजीचे काही नाही. घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला मात्र दुर्लक्षू नये. तो केनेल कफ हा संसर्गजन्य खोकला असू शकतो, आणि त्याची लक्षणे संसर्गानंतर दोन ते चौदा दिवसांत दिसतात. अशा वेळी पशुवैद्याबरोबर बोर्डिंगलाही कळवावे, म्हणजे बाकीच्या मालकांना वेळेत फोन जातो.