वल्लरीने सांगितलेली शारदा

नववी-दहावीच्या मुलांना ‘कथाकाव्य लिहा’ म्हटलं की बहुतेक जण नायिकेच्या जन्मापासून सुरुवात करतात आणि लग्नापर्यंत पोचेस्तोवर तास संपतो. जुनं नाटक हाताशी असलं की ही अडचण टळते. गोष्ट रचलेलीच असते; क्षण तेवढा निवडायचा.

गो. ब. देवलांचं १८९९ सालचं ‘संगीत शारदा’ यासाठी फार सोयीचं. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. शारदा म्हणजे वर्गातल्या मुलींच्याच वयाची! मुलांना सगळी कथा लिहू देऊ नये, लग्नाच्या आदल्या रात्रीपुरतंच थांबवावं. सांगणारीही शारदा नको, तिची मैत्रीण वल्लरी असावी. नायिकेच्या तोंडी मुलं लगेच हुंडाबंदीवर भाषण घालतात. वल्लरीला मात्र दिसेल तेवढंच सांगता येतं: दारातला मांडव, हळदीची वाटी, कोपऱ्यात गप्प बसलेली सखी.

साचा ओवीचा. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. ग्रंथातल्या ओवीत अक्षरं मोजण्याचा जाच नसतो, त्यामुळे यमकापायी गोष्ट फारशी वाकवावी लागत नाही. एका ओवीत एकच घडामोड ठेवावी.

खर्डा मोठ्याने वाचून घ्यावा. जीभ अडखळते तिथे बहुधा एखादं विशेषण जास्त झालेलं असतं.

नाटकात वधूवर सगोत्र निघाल्यामुळे हे लग्न मोडतं. कविता त्याआधीच संपली तरी गुण कापू नका.