पाण्यात उभे पीक तहानलेले का राहते?

बारामती व इंदापूर या तालुक्यांतील बागायतदारांना एक दृश्य चांगलेच परिचित आहे. उसाच्या फडास नुकतेच पाणी देऊन झालेले असते, सरीत ओल असते, पायाखालची माती चिकटते. तरीही फडाच्या मधोमध एखाद्या डागातील ऊस मान टाकून उभा असतो. पानांची टोके व कडा करपतात, कांड्या आखूड राहतात, आणि उन्हाळ्यात त्याच जागी मातीवर पांढरा पापुद्रा फुटतो. पीक सुकते आहे असे पाहून शेतकरी आणखी एक पाळी देतो. त्यामुळे पीक सुधारत तर नाहीच, परंतु डाग मात्र वर्षागणिक पसरत जातो.

पाणी असून पीक तहानलेले का राहावे, या प्रश्नाचे उत्तर मुळांच्या पेशींभोवती असलेल्या एका अत्यंत पातळ पडद्यात आहे. हा पडदा पाण्याला केव्हा आत घेतो व केव्हा घेऊ शकत नाही, हे एकदा ध्यानात आले म्हणजे खारवट जमिनीची सुधारणा, खतांची मात्रा आणि पाण्याची पाळी या तिन्ही गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

पेशीभोवतीचा पडदा

वनस्पतीचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. मुळाच्या टोकामागील केसासारखे तंतू, ज्यांना मूलरोम म्हणतात, तेही अशा पेशींचेच लांबट फाटे होत. प्रत्येक पेशीला बाहेरून एक जाड भिंत असते. तिच्यातून पाणी व विरघळलेले क्षार सहज ये-जा करतात. खरा पहारा असतो तो भिंतीच्या आतील पडद्याचा. यास शास्त्रात प्रद्रव्यपटल असे नाव आहे. याची जाडी एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. तो स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचा असून त्यात ठिकठिकाणी प्रथिने बसविलेली असतात.

स्निग्ध थरांमुळे क्षारांना या पडद्यातून सहजासहजी वाट मिळत नाही. पाण्याचे कण मात्र थोडेसे थरांतून आणि पुष्कळसे प्रथिनांच्या अरुंद नलिकांतून जातात. फक्त पाण्यालाच वाट देणाऱ्या या नलिकांचा शोध अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर आग्रे यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला आणि त्याबद्दल त्यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे वनस्पतींच्या मुळांतही अशाच जलनलिका आढळल्या.

पाण्याची वाट

असा निवड करणारा पडदा मध्ये असला म्हणजे पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. या क्रियेस परासरण म्हणतात. जुन्या पुस्तकांतून तिला तर्षण असेही नाव आढळते. हिचा अनुभव घरोघरी येतो. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, कारण त्यांच्या आतील रस साखरेने दाट असतो व बाहेरचे पाणी आत शिरते. उलट कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की काही तासांत त्यांना पाणी सुटते व फोडी आक्रसतात. मिठामुळे बाहेरचे द्रावण आतील रसाहून दाट होते आणि फोडीतील पाणी बाहेर ओढले जाते.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी कच्च्या बटाट्याच्या सारख्या आकाराच्या दोन फोडी घ्याव्यात. एक साध्या पाण्याच्या पेल्यात व दुसरी दोन चमचे मीठ विरघळविलेल्या पाण्याच्या पेल्यात ठेवावी. दोन-तीन तासांनी पहिली फोड ताठ व कडक लागेल, तर दुसरी सहज वाकेल. दोन्ही फोडी पाण्यातच बुडालेल्या होत्या, परंतु एकीची तहान भागली व दुसरीचे अंगचे पाणीही गेले. खारवट जमिनीतील उसाची स्थिती दुसऱ्या फोडीसारखी असते.

फ्रान्समधील नोले यांनी १७४८ साली मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर प्राण्याच्या मूत्राशयाचे कातडे ताणून बांधले व ते पाण्यात बुडविले, तेव्हा पाणी आत शिरून कातडे फुगलेले त्यांना दिसले. १८७७ मध्ये जर्मनीतील प्फेफर यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्यात कृत्रिम पडदा तयार करून या ओढीचे बळ प्रथमच नेमकेपणाने मोजले. तेव्हापासून मुळांच्या जलशोषणाचा विचार अंकांच्या आधारे करता येऊ लागला.

क्षारांची वाट

पाणी आपल्या ओढीने जाते. परंतु अन्नद्रव्यांचे तसे नाही. मातीतील पाण्यात पालाश किंवा नत्र अगदी विरळ असते, व पेशीत त्यांचा साठा कित्येक पट अधिक असतो. चढावर पाणी चढवावयाचे तर जसा पंप लागतो, तसे या द्रव्यांना आत घेण्यासाठी पडद्यावरील प्रथिनांना शक्ती खर्च करावी लागते. ही शक्ती मुळांच्या श्वसनातून येते आणि श्वसनास मातीत हवा लागते. आपल्या शेतकऱ्यांनी ज्या अवस्थेस वाफसा हे अन्वर्थक नाव दिले आहे, ती अवस्था म्हणजे मातीत ओल व हवा या दोहोंचा मेळ होय. चिबड जमिनीत हवा कोंडली की हे पंप मंदावतात, आणि जलनलिकाही मिटू लागतात. म्हणून साचलेल्या पाण्यातही पीक कोमेजते.

खारवट जमिनीत दुसराही धोका असतो. सोडियम हा पालाशशी साम्य असलेला असल्याने त्याच्या वाटांतून आत घुसतो. पेशी त्यास पुन्हा बाहेर ढकलते किंवा आतील रसकोठीत कोंडून ठेवते. परंतु मर्यादेपलीकडे त्याचा लोंढा आला की पानांच्या कडा करपतात. पडद्याची ही निवडशक्ती शाबूत राहण्यास चुन्यातील कॅल्शियम आवश्यक असते, हे १९६१ साली प्रयोगाने दाखविले गेले.

नीरा डाव्या कालव्याचा अनुभव

आता हा नियम आपल्या भागास लावून पाहू. बारामती-इंदापूर हा अवर्षणप्रवण टापू. वार्षिक पाऊस सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, तेव्हा बारामतीचा परिसर भीमथडी तालुक्यात मोडत असे. कालव्याने दुष्काळी मुलखात बागायत आणली, हे त्याचे उपकार मोठे आहेत. १९२८ मध्ये भाटघर येथे नवे मोठे धरण पूर्ण झाल्यावर बारमाही पाण्याची शाश्वती वाढली. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यामुळे इंदापूर तालुक्यातील भीमाकाठासही उपसा पाणी मिळू लागले.

परंतु खोल काळ्या जमिनीत पाणी मुरण्याची व वाहून जाण्याची गती फार मंद असते. निचऱ्याची सोय न करता वर्षानुवर्षे पाटपाणी दिल्याने भूजलाची पातळी वर आली. उन्हाने पृष्ठभागावरील पाणी उडून गेले व विरघळलेले क्षार तेथेच राहिले. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर १९१० सालीच मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याची पुस्तिका लिहिली. म्हणजे कालव्याचे पाणी येऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच हा प्रश्न अभ्यासाचा विषय झाला होता. पुढे १९३२ साली नीरेजवळच पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले, आणि २००९ साली बारामती तालुक्यातील माळेगाव येथे क्षार, अवर्षण इत्यादींच्या ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

क्षार येतात कोठून, याचा हिशेब प्रत्येकास करता येण्यासारखा आहे. एका एकरावर एक इंच पाणी दिले म्हणजे सुमारे १,०३,००० लिटर पाणी दिले. समजा, विहिरीच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार आहे. चवीला असे पाणी खारट लागणारही नाही. तरी इंचामागे सुमारे ५१ किलो क्षार शेतात आले. उसाला वर्षभरात ८० इंच पाणी दिल्यास ही भर सुमारे ४ टनांची होते. पीक पाणी पिते, परंतु त्याच्या मुळांचा पडदा बहुतेक क्षार बाहेरच अडवितो. निचरा नसेल तर ते जातील कोठे?

खारटपणा किती, ताण किती

मातीचा खारटपणा तिच्या अर्काच्या विद्युत् वाहकतेवरून मोजतात. संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरहून अधिक असल्यास जमीन खारवट समजली जाते. वाहकतेच्या प्रत्येक एककामागे परासरणाची ओढ सुमारे ०.३६ बार इतकी वाढते. वाहकता १० असेल तर ही ओढ ३.६ बार होते; म्हणजे सुमारे १२० फूट खोल विहिरीतून पाणी ओढण्याइतके जादा ओझे मुळांवर पडते. त्यातही माती वाळून तिच्यातील निम्मे पाणी उडाले की उरलेल्या पाण्याचा खारटपणा दुप्पट होतो. म्हणून पाळी लांबली की खारवट डागातील पीक इतरांच्या आधी मान टाकते.

सर्व पिकांची सहनशक्ती सारखी नसते. सर्वसाधारण मार्गदर्शक अंकांप्रमाणे उसाचे उत्पन्न १.७ वाहकतेपासून घटू लागते व पुढील प्रत्येक एककास सुमारे ६ टक्के उतरते. वाहकता ५ झाली की पाचवा हिस्सा उत्पन्न गेलेच. कांदा याहून नाजूक असून १.२ पासूनच त्याची घट एककामागे १६ टक्के होते. द्राक्ष १.५ पर्यंत टिकते. गहू ६ पर्यंत, कापूस ७.७ पर्यंत व जव ८ पर्यंत फारशी घट न येता तग धरतात. जात, जमीन व हवामान यांप्रमाणे हे अंक थोडेफार बदलतात.

खते देतानाही हाच नियम

रासायनिक खते म्हणजेही क्षारच होत, हे विसरू नये. कोरड्या मातीत, बुंध्याला लागून युरियाची मूठ टाकली तर मुळांभोवतीचे द्रावण क्षणभर कैरीच्या खारासारखे दाट होते व कोवळी मुळे करपतात. यासाठी खत ओलीवर, बुंध्यापासून दूर व हप्त्याहप्त्याने द्यावे. पानांवरील फवारणीचेही तेच. युरियाचे द्रावण साधारणतः २ टक्के, म्हणजे १०० लिटर पाण्यात २ किलो, या प्रमाणाबाहेर नेऊ नये व भर उन्हात फवारू नये.

उपाययोजना

१. प्रथम परीक्षण करावे. डागातील व चांगल्या भागातील मातीचे नमुने पहिल्या फुटातून व दुसऱ्या फुटातून वेगवेगळे घ्यावेत. वाहकता, सामू व सोडियमचे प्रमाण तपासून घ्यावे. विहिरीचे पाणीही तपासावे.

२. खारवट व चोपण यांतील भेद ओळखावा. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात. तिला जिप्समची नव्हे, तर निचरा करून क्षार धुऊन काढण्याची गरज असते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू ८.५ च्या वर जातो, ओली माती लोण्यासारखी व वाळलेली दगडासारखी होते. अशा जमिनीत परीक्षणाप्रमाणे जिप्सम मिसळून नंतर पाणी द्यावे, म्हणजे त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो व सुटलेला सोडियम धुऊन जातो. जमीन चुनखडीची असल्यास गंधकाचाही उपयोग होतो.

३. निचऱ्यावाचून दुसरा कोणताही उपाय टिकत नाही. भूजल पाच-सहा फुटांच्या आत आले असेल तर आधी चर काढावेत किंवा जमिनीखालून सच्छिद्र नळ टाकावेत. चर एकट्याच्या शेतात संपत नाही. पाणी ओढ्यापर्यंत नेण्यासाठी शेजाऱ्यांनी मिळून आखणी केली पाहिजे.

४. निचरा झाल्यावर वाफे बांधून गोडे पाणी साठवावे व क्षार खाली न्यावेत. पावसाळा यास उत्तम. त्यानंतर धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा.

५. पाणी थोडे व वेळेवर द्यावे. ठिबकाने मुळांभोवतीची माती ओलसर राहते व क्षार ओल्या भागाच्या कडेला सरकतात. मात्र पावसाने ते धुतले गेले नाहीत, तर अधूनमधून भरपूर पाणी देऊन ते खाली लोटावे लागतात.

६. सुधारणा होईपर्यंत पीक जमिनीप्रमाणे निवडावे. कांदा व द्राक्ष यांचा आग्रह न धरता जव, कापूस, गहू अशी सोशीक पिके घ्यावीत.

पेशीभोवतीचा पडदा कोणास दिसत नाही, परंतु त्याचा कौल पानावर उमटतो. ओल्या जमिनीत पीक कोमेजलेले दिसले की मोट, पंप वा पाटाचे दार उघडण्यापूर्वी पहारीने दोन फूट खड्डा घेऊन पाहावा. खाली ओल असेल तर पिकाला पाण्याची उणीव नाही. ते घेण्याची वाट बंद झाली आहे. अशा वेळी दिलेली प्रत्येक जादा पाळी भूजल वर आणते, नव्या क्षारांची भर घालते आणि शेजारच्या चांगल्या वाफ्याकडे डागाचे एक पाऊल पुढे टाकते. पाणी आणण्यासाठी या भागाने जितके कष्ट केले, तितकेच लक्ष ते बाहेर काढण्याकडे दिले, तर या काळ्या जमिनी पुढील पिढीच्या हाती सकस अवस्थेत जातील.