प्रारंभिक गरोदरपणातील सोनोग्राफी : उपयोग आणि मर्यादा

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे बाळ सर्व दृष्टींनी निरोगी, असा समज सुशिक्षित कुटुंबांतही आढळतो. चंद्रपूर-गडचिरोली मार्गावरील मूल परिसरात हा समज विशेष घातक ठरू शकतो. त्याचे कारण सिकलसेल होय.

सोनोग्राफी ध्वनिलहरींच्या परावर्तनातून आकार व हालचाल दाखविते. शेवटच्या पाळीपासून मोजल्यास सुमारे ५ व्या आठवड्यात गर्भाची पिशवी आणि ६ व्या-७ व्या आठवड्यात हृदयस्पंदन दिसू लागते. पिशवी गर्भाशयात नसून बीजवाहिनीत असल्यास मातेच्या जिवाला धोका असतो. तो वेळीच कळणे हा या तपासणीचा मोठा लाभ. जुळ्यांची वार एक की दोन, हेही याच काळात उत्तम समजते. गर्भाची डोक्यापासून नितंबापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय ५ ते ७ दिवसांच्या फरकाने सांगता येते. ‘पोळ्याच्या मागेपुढे पाळी आली होती’ एवढेच स्मरणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे मोजमाप मोलाचे असते. बाळ अपुऱ्या दिवसांचे की वाढ खुंटलेले, हे पुढे त्यावरूनच ठरते. ११ ते १४ आठवड्यांत मानेमागील द्रवाच्या जाडीवरून काही गुणसूत्रीय दोषांची शक्यता वर्तविता येते. शक्यताच, निदान नव्हे. (लिंग सांगणे हा १९९४ च्या केंद्रीय कायद्यान्वये गुन्हा आहे, महाराष्ट्राने तसा कायदा १९८८ मध्येच केला होता.)

सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष आहे. त्याने गर्भाचा आकार बदलत नाही. मग तो पडद्यावर दिसणार कसा? मध्य भारतातील त्याचे अस्तित्व शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदविले. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतो, त्यामुळे रक्ततपासणीवाचून हे कळत नाही. प्रथम सोल्युबिलिटी चाचणी, नंतर इलेक्ट्रोफोरेसिस. आणि दोघेही वाहक निघाल्यास १० व्या आठवड्यानंतर वारेचा सूक्ष्म अंश काढून जनुकीय तपासणी करता येते. सुई नेमकी कोठे जाते हे दाखविणे, एवढेच तेथे सोनोग्राफीचे काम.

ही तपासणी मोजक्याच केंद्रांत होते आणि अहवालास वेळ लागतो. गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार एका डॉक्टरच्या मताने २० आठवड्यांपर्यंतच गर्भपात करता येतो. पाचव्या महिन्यात प्रथमच दवाखान्यात येणाऱ्या, पतीचे रक्त कधीही न तपासलेल्या स्त्रीला निर्णयासाठी काही दिवसच उरतात.